अदपाव वीज

घाटातल्या सायकल शर्यतीत बघण्यासारखं काही नसतं, हे आधीच सांगून टाकतो. सपाटीवरच्या शर्यतीत घोळका असतो, डावपेच असतात, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झुंबड असते. घाटात एक माणूस येतो. तोंड उघडं, नजर चाकाच्या चार हात पुढे, आणि वेग असा की शाळेतलं पोर शेजारून धावलं तर सहज मागे टाकेल. तो वळणाआड जातो. मग मिनिटभर काही नाही. मग दुसरा येतो, तसाच तोंड उघडं टाकून. बघायला आलेली मंडळी दहा मिनिटांत कंटाळून चहाकडे वळतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तरी हिवाळा आला की मी नाव देतो.

आमची शर्यत कुंभार्ली घाटात असते. चिपळूणहून कराडला जाणारा तो रस्ता. शर्यतीला बॅनर नाही, बक्षिसाची रक्कम सांगायला नको इतकी. चार-पाच गावांतले सायकलवाले एकत्र येतात, छातीवर सेफ्टी पिनने नंबर लावतात आणि रविवारी उजाडताना पोफळीच्या पुढे, चढ जिथे खरा सुरू होतो तिथे, एका पिंपावर वही ठेवली जाते. मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात. वाहतूक कोणी अडवत नाही. एसटी, ट्रक, टेंपो आपापल्या कामाला चाललेले असतात आणि त्यांच्या कडेकडेने आपण. वर घाटमाथ्यावर दुसरी वही. दोन वेळांची वजाबाकी केली की झाला निकाल.

ही एकेकाला सोडण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडात केंटमध्ये कॅटफर्डच्या सायकल क्लबची टेकडी चढायची शर्यत १८८७ पासून होते. आताची टेकडी पुरती पाऊण किलोमीटरही नाही, पण या शर्यतीला माणसं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ येतायत. तिकडे ऑक्टोबरात असल्या शर्यतींचा हंगामच असतो, आणि हौशी लोक सायकलीवरून बाटलीचा स्टँड, हँडलची टेप, जे निघेल ते काढून ठेवतात. सपाटीला दुसऱ्याच्या मागे लपलं की वारा तो खातो आणि आपण फुकटात पुढे सरकतो. घाटात वेग इतका कमी की लपून फारसा फायदा नाही. वाऱ्याशी भांडण जवळजवळ संपलेलं असतं, उरतं ते वजन. म्हणून मला ही शर्यत सगळ्यांत सरळ वाटते. कंटाळवाणी, पण सरळ.

शर्यत पोफळीला सुरू होत असली तरी मला घाट गुहागरपासून मोजायला आवडतो. कारण हा रस्ता मुळात गुहागर-विजापूर रस्ता. समुद्राच्या वाळूपासून निघून चिपळूण, कराड, जत करत थेट कर्नाटकात शिरणारा. तैवानमध्ये एक नामांकित घाटशर्यत आहे, हुआलिएनच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून १०५ किलोमीटरवर ३२७५ मीटर उंचीच्या वुलिंगला पोचणारी. तिचा नकाशा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, अरे, हे आपल्याकडे आहे की. उंची सगळी मिळून त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, पण समुद्रावरून निघून डोंगराच्या पाठीवर चढायचं हा नेम तोच.

फक्त गुहागर ते चिपळूण या टप्प्याला कोणी सपाट म्हणू नये. कोकणात सपाटी फक्त भाताच्या खाचरात असते. रस्ता सड्यावर चढतो, कातळावरून थोडा वेळ ऐटीत चालतो, मग एखाद्या पऱ्ह्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, घसरतो, मोरी ओलांडतो आणि पुन्हा चढतो. शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर. प्रत्येक उतारावर कमावलेलं पुढच्या चढाला देऊन टाकायचं. घाट सुरू व्हायच्या आधीच मांड्यांना घाटाची चव लागलेली असते, आणि वर त्याचा हिशेब कोणी धरत नाही.

चिपळूण सोडलं की पिंपळी, शिरगाव, आणि मग हळूहळू उजव्या-डाव्या हाताला कोयना प्रकल्पाच्या खुणा दिसायला लागतात. टॉवर, तारा, कालव्यातून पळणारं पाणी. एप्रिल-मे महिन्यात कोकणातले बाकीचे पऱ्हे कोरडे ठणठणीत पडलेले असतात आणि वाशिष्ठी मात्र वाहत असते, ती या पाण्यावर. लोक त्याला अवजल म्हणतात. वीज काढून झालेलं, वापरून सोडलेलं पाणी.

माझे काका, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. वीजघर जमिनीखाली, डोंगराच्या पोटात. अप्पा दिवसपाळीला गेले की हिवाळ्यात त्यांना ऊन रविवारीच दिसायचं, असं काकू अजून सांगते. अलोऱ्याच्या वसाहतीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, आता शिरगावजवळ घर बांधून राहिलेत. मी सायकल घेतली तेव्हा अप्पांनी तिच्याकडे दोन मिनिटं पाहिलं, एका हाताने उचलून बघितली आणि म्हणाले, "पाणी वरून खाली आणायला अख्खं सरकार कामाला लागलं होतं. तू स्वतःला खालून वर न्यायला एकटाच निघालायस."

हे वाक्य त्यांनी थट्टेत टाकलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. मग एका शर्यतीच्या आदल्या रात्री मी कागद घेऊन बसलो.

मी, सायकल, बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं मिळून ८५ किलो. चढ सोयीसाठी पाचशे मीटरचा धरला. शाळेतलं सूत्र: वजन, उंची आणि ९.८ यांचा गुणाकार. उत्तर येतं सव्वाचार लाख ज्यूलच्या जरा आत. ज्यूल म्हटलं की आकडा भला थोरला दिसतो. पण विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे पोफळीपासून माथ्यापर्यंत मी जी उरस्फोड करतो, नाडी कानात ऐकू येते, जिभेला तांब्याच्या भांड्याची चव येते, ती सगळी मिळून एका युनिटच्या आठव्या हिश्श्याहून थोडी कमीच. अदपाव. घरातला साधा गीझर तेवढी वीज चार मिनिटांत पिऊन टाकतो, तीही आंघोळीला जाणारा मोबाइल बघत बसलेला असताना.

पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी दशांश चिन्ह तपासलं. बरोबर होतं.

मग उलटा हिशेब केला. कोयनेचं पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी पश्चिमेला आणून पोफळीच्या वीजघरात सुमारे ४७५ मीटर खाली सोडतात. गच्चीवर असते तशी हजार लिटरची एक टाकी तेवढ्या उंचीवरून सोडली तर तोटा वजा जाता साधारण एक युनिट वीज हाती येते. म्हणजे मला घाटावर चढवायला जेवढी ऊर्जा लागते ती शंभरएक लिटर पाण्याच्या एका उडीत आहे. पाच-सहा बादल्या. मी चाळीस मिनिटं धापा टाकत वर जातो, आणि माझ्या अंगाखालच्या डोंगरातून त्याच वेळात किती बादल्या खाली गेल्या याचा विचारही न केलेला बरा.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. सगळे टप्पे, सगळी वीजघरं धरून. माझ्यासारखा हौशी सायकलवाला घाटात पावणेदोनशे-दोनशे वॉट टिकवून धरतो. दोनशे धरले तर कोयनेची बरोबरी करायला ९८ लाख सायकलस्वार लागतील, आणि त्यांनी एकाच वेळी, न थांबता, घाट चढत राहायला हवं. तेवढी सेफ्टी पिनांची सोय आमच्याकडे नाही.

हे आकडे वाचून कोणाला वाटेल की माणूस किती क्षुद्र वगैरे. मला तसं वाटलं नाही. उलट मजा वाटली. कारण घाटात आपण खरोखर काय करतो हे मला पहिल्यांदा कळलं. आपण स्वतःला साठवत नेतो. सपाटीला घातलेलं बळ वाऱ्यात विरून जातं, परत मागायला जागा नाही. घाटात घातलेलं बळ तिथेच, त्या उंचीवर, आपल्या नावावर जमा होतं. शिवसागरातलं पाणी जसं खाली यायच्या आधीच वीज असतं, तसंच.

बरं, घाट प्रत्यक्षात कसा आहे ते सांगायचं राहिलं.

दहा-बारा किलोमीटरचा चढ, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की पाच मीटर वर. आल्प्समधला आल्प द्युएज १३.८ किलोमीटर आठ टक्क्यांनी चढतो, २१ वळणं आहेत त्याला. त्या मानाने कुंभार्ली सभ्य म्हणायचा. पण सरासरी हा प्रकार फसवा. वळणाच्या आतल्या अंगाला रस्ता उभा होतो, बाहेरच्या अंगाला मवाळ. मागून ट्रक येत नसेल तर शहाणा माणूस वळणाचा बाहेरचा घेर घेतो. येत असेल तर निमूटपणे आतल्या भिंतीला लागून, उभं राहून, पेडलवर सगळं वजन टाकत.

सुरुवातीचा एक-दीड किलोमीटर सगळ्यांत धोक्याचा, कारण तो सोपा वाटतो. सोडणाऱ्याने "जा" म्हटलेलं असतं, अंग ताजं असतं, हवेत गारवा असतो, आणि पुढच्या मिनिटाचा गडी समोरच्या वळणावर दिसतो. त्याला गाठायचा मोह होतो. अनुभवी लोक इथे मुद्दाम एक गियर हलका ठेवतात आणि स्वतःला बोलतं ठेवतात. एक वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे, अशी आमच्यातल्या एका शिक्षकांची कसोटी आहे. ते पाढे म्हणतात. सतराचा पाढा अडखळला की गियर खाली.

मग झाडी दाट होते. ऐन, किंजळ, मधूनमधून आंबा. खाली कोकणात जांभा दगड, लाल, भोकाभोकांचा. घाटात शिरलात की कापलेल्या कड्यांतून काळा बेसाल्ट दिसायला लागतो. जमीन बदलते तसा वासही बदलतो. तळाला चुलीचा धूर, मधे ओल्या पाल्याचा, माथ्याकडे सुक्या गवताचा. आणि या सगळ्यावर मात करणारा एक वास असतो, मासळीच्या टेंपोचा. किनाऱ्यावरची मासळी घेऊन हे टेंपो पहाटे घाट चढतात. तळातून बर्फाचं पाणी गळत असतं, आणि ते नेमकं वळणावर जास्त सांडतं. पुढचं चाक त्या ओघळावरून जाताना किंचित सरकतं. चार इंचच, पण तेवढ्याने पोटात खड्डा पडतो. टेंपो पुढे निघून जातो आणि त्याचा वास पुढची दोन वळणं आपल्याबरोबर चढतो. दम लागलेला माणूस नाक बंद करू शकत नाही.

टेंपोवाले, ट्रकवाले एकूण बरे असतात. चढाला त्यांचाही जीव खालच्या गियरमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे सहानुभूती असावी. एकदा चिऱ्यांनी भरलेला ट्रक माझ्याशेजारी इतका वेळ चालला, की क्लीनरने खिडकीतून बाहेर झुकून विचारलं, "काय ओ, पेट्रोल परवडत नाय काय?" उत्तर द्यायला श्वास नव्हता. त्याने हातातली भेळ पुढे केली. तीही घेता आली नाही.

निम्म्यानंतर प्रश्न पायांचा राहत नाही, उष्णतेचा होतो. हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. ते म्हणतात, डिसेंबर आहे, सकाळ आहे, गार आहे. पण शरीर खाल्लेल्या अन्नातला जेमतेम पाव हिस्सा पेडलला देतं, बाकी तीन हिस्से नुसती धग. म्हणजे पेडलवर दोनशे वॉट पडत असतील तर सहाशे वॉटची शेगडी आत पेटलेली. ती विझवायला घाम आहे, पण घाम वाळला तरच गारवा. कोकणातल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. आणि वेग एवढा कमी की अंगाला वाराही लागत नाही. देशावरचे पाहुणे कमी दमटपणात सराव करून येतात, पहिल्या तीन किलोमीटरमध्ये झकास जातात, आणि मग हेल्मेटच्या पट्टीतून थेंब चष्म्यावर, चष्म्यावरून टॉपट्यूबवर, म्हणजे सायकलीच्या वरच्या आडव्या नळीवर, पडायला लागले की गोंधळतात. टॉपट्यूबवर मिठाचा पांढरा ओघळ उमटतो तो घरी जाईपर्यंत तसाच राहतो. ऑक्टोबर हीटमध्ये हा घाट मी चढत नाही, आणि कोणाला चढू नका असं सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पावसाळ्याचं वेगळंच. तेव्हा घाट आपला नसतो. धबधबे थेट रस्त्यावर उतरतात, दरड कधी येईल नेम नाही. आणि २२ जुलै २०२१ नंतर चिपळूणच्या माणसाला पाण्याचं कौतुक सांगताना जीभ थोडी अडतेच. त्या दिवशी बाजारपेठ बुडाली. ज्याच्याकडे मी सायकल नेतो त्याच्या दुकानात पाणी छताला लागलं होतं. हत्यारांची पेटी गाळातून काढून त्याने आठवडाभर एकेक पाना रॉकेलमध्ये धुतला. त्यातले काही पाने अजून वापरतो. गंज धरलेला पंधराचा पाना हातात आला की तो काही बोलत नाही, मीही नाही.

आता वजनाविषयी. सायकलवाल्यांत बसलात तर पहिल्या पाच मिनिटांत कार्बनचा विषय निघतो. अमुक फ्रेम एवढ्या ग्रॅमने हलकी, तमुक चाकं तेवढ्या. हिशेबात हे चुकीचं नाही. ८५ किलोतला एक किलो कमी केला तर चाळीस मिनिटांच्या चढात पंचवीस-तीस सेकंद वाचतात. शर्यतीत दहाव्या नंबरचा सातवा व्हायला तेवढं पुरे. पण तो किलो सायकलीतून काढायचा तर लाखाच्या घरात खर्च, आणि गणपतीतल्या मोदकांचा हिशेब केला तर तोच किलो दुसरीकडून निघतो. हे मी म्हणतोय, ज्याने स्वतः हलकी चाकं हप्त्याने घेतली आहेत. तेव्हा उपदेश म्हणून घेऊ नका. चाकं चांगली आहेत.

उलट बाजूही आहे. आमच्या वहीत एक नाव दरवर्षी असतं, दूध घालायच्या जुन्या लोखंडी सायकलवरचं. गियर नाहीत. तीव्र वळणांवर तो माणूस सरळ उतरतो, सायकल हाताने ढकलत चालतो, मवाळ जागा आली की टांग मारून बसतो. त्याला कोणी हसत नाही. १९१० साली टूर द फ्रान्सने पहिल्यांदा पिरेनीजमधले मोठे घाट घेतले, तेव्हा ओक्ताव लापीझ तुरमालेच्या चढावर असाच सायकल ढकलत चालला होता, आणि त्या दिवशी संयोजकांकडे बघून तो "खुनी आहात तुम्ही" असं ओरडला. ती शर्यत शेवटी जिंकली त्यानेच. आपल्याकडेही मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाला वेगळा मान आहे, तो गाजवणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. राजाने सगळा घाट सीटवर बसून चढला पाहिजे असा नियम कुठे वाचलेला नाही.

शेवटचे दोन किलोमीटर मला नीट वर्णन करून सांगता येत नाहीत, कारण तेव्हा लक्ष फार आखूड झालेलं असतं. कठड्याचे काळे-पिवळे पट्टे मोजायचे, एवढंच सुचतं. काळा, पिवळा, काळा. माकडं कठड्यावर बसून बघत असतात. झाडी विरळ होते, उजेड वाढतो, आणि माथा आला असं वाटतं तिथे माथा नसतो. हा प्रकार दोनदा होतो. तिसऱ्यांदा खरोखर वारा लागतो, पूर्वेकडचा, कोरडा, आणि त्या वाऱ्यावरून कळतं की देश आला.

आमची अंतिम रेघ चुन्याने घाटमाथ्यावर मारतात. ती नेमकी पाणलोटाच्या रेषेजवळ येते, हे आमच्यातल्या कोणी ठरवून केलेलं नाही. रेघेच्या अलीकडे पडलेला पाऊस वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात. पलीकडे पडलेला कोयनेत, कराडला कृष्णेत, आणि तिथून सगळा दक्षिण देश ओलांडून बंगालच्या उपसागरात. निदान निसर्गाची योजना तशी होती. माणसाने डोंगराला भोक पाडलं आणि पूर्वेला निघालेलं पाणी पश्चिमेला वळवलं. किती वळवायचं याचीही कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने मर्यादा घातली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतताना मी कुठल्या बाजूला उभा आहे हे बघतो. लवादाचा प्रश्न नको.

वर टपऱ्यांवर कांदाभजी, चहा, उकडलेल्या शेंगा. वही बघायला गर्दी. मग थोड्या वेळाने, घाम अंगावर गार पडायला लागला की, जाकीट चढवून खाली.

उताराविषयी लोक बोलतात ते मजेच्या सुरात. मला तो हिशेबाचाच भाग वाटतो. चाळीस मिनिटं जमा केलेली ती अदपाव वीज आता सगळी परत द्यायची, आणि घेणारा कोण, तर वारा आणि ब्रेक. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबला की तिचा एक तुकडा धग होऊन जातो. तळाला पोचल्यावर ब्रेकच्या डिस्कला बोट लावायचं नाही, हे नव्याला पहिल्याच वर्षी सांगावं लागतं. सतत धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात, मग सोडून, असं करायचं. ओघळ पडलेली वळणं चढताना लक्षात ठेवलेली असतात, ती आता कामाला येतात.

खाली आलो की मी अप्पांकडे थांबतो. यंदाही थांबलो. काकू घावन घालत होती. अप्पा ओटीवर खुर्ची टाकून बसले होते, त्यांना वेळ विचारायची घाई.

"किती?"

सांगितलं. त्यांनी मान हलवली, चांगली की वाईट ते कळलं नाही.

मी म्हटलं, "अप्पा, हिशेब केलाय. सगळा घाट मिळून अदपाव युनिटसुद्धा होत नाही."

"निव्वळ उचल धरलीस ना? घर्षण सोडून?"

"निव्वळ."

त्यांनी पेपर उलटला, समासात पेन्सिलीने काहीतरी मांडलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत भूकंप झाला तेव्हा ते कॉलेजात होते. पुढे ज्या माणसाने आयुष्यभर मीटरकडे बघितलं त्याला आकड्याशिवाय गप्पा जमत नाहीत.

"आणि जाळलंस किती? तुझ्या त्या घड्याळात दाखवतं ना?"

"पाचशे किलोकॅलरीच्या आसपास."

"म्हणजे एकवीस लाख ज्यूल धर." पेन्सिल थांबली. "सव्वाचार भागिले एकवीस. वीस टक्के."

"बरे आहेत की."

"आमचं टर्बाइन नव्वदच्या खाली आलं तर साहेब खुलासा मागायचे," अप्पा म्हणाले. "तुझा प्रस्ताव मंत्रालयात गेला असता ना, तर पहिल्याच टेबलावरून परत आला असता."

आतून काकू म्हणाली, "त्याचे टक्के नंतर काढा. आधी ताट घ्या म्हणावं, घावन गार होतंय."